टो हिरवा, कॅम्बर लाल

आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे गाडीचं डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं. जुलैचे दिवस, घाटात दाट धुकं, रस्त्यावर जागोजागी पाणी साठलेलं. डबकं कुठलं आणि खड्डा कुठला हे कळायला मार्ग नव्हता. दाणकन आवाज झाला, स्टेअरिंगनं हाताला हिसका दिला आणि शेजारच्या सीटवरची पर्स खाली पडली. गाडी कडेला घेऊन मोबाइलच्या उजेडात चाक बघितलं. लोखंडी रिमची कड एका जागी दबली होती, पण हवा टिकून होती. तशीच हातखंब्यावरून रत्नागिरीला आईकडे पोचले.

गाडी २०१४ ची स्विफ्ट, तेव्हा ९२ हजार किलोमीटर झालेली. कोल्हापूर ते रत्नागिरी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, आणि आईचं वय बघता दर पंधरवड्याची ही फेरी मला टाळता येत नाही. एकाच रस्त्यावर एकच गाडी इतक्या वेळा चालवली की तिचा स्वभाव हातात बसतो. परतताना पाली सोडल्यावर सरळ रस्ता लागला आणि लक्षात आलं, स्टेअरिंग किंचित डावीकडे धरलं तरच गाडी सरळ चालतेय. पकड सैल केली की उजवीकडे सरकते.

उजवीकडे, हे महत्त्वाचं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. आपण डाव्या अंगानं चालतो, म्हणजे आपल्या बाजूचा उतार डावीकडे. धडधाकट गाडीनं हात सैल केल्यावर अगदी हळू डावीकडे जावं, नाहीतर सरळ जावं. माझी गाडी चढाकडे ओढत होती. त्या दिवशी मला याचा अर्थ लागला नाही. नंतर ज्यांनी लावला, त्यांना मी एवढंच सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली होती.

कोल्हापुरात आल्यावर पहिल्यांदा हायवेलगतच्या एका अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवणाऱ्या, दुकानात गेले. चकचकीत जागा, भिंतीवर मोठी स्क्रीन. मुलानं पुढच्या दोन चाकांना क्लॅम्प लावले, स्टेअरिंग सरळ केलं, खाली जाऊन काहीतरी फिरवलं आणि वीस मिनिटांत कागद हातात दिला. टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत-बाहेर आहे तो कोन, हिरव्या रंगात, म्हणजे ठीक. डावीकडचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा झुकाव, मात्र लाल. मी विचारलं तर म्हणाला, ‘या गाडीला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही मॅडम, तो आहे तसाच असतो.’

मी ते मान्य केलं आणि साडेचारशे रुपये देऊन निघाले. आज ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो, कारण मी अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि त्यातली चूक माझ्या लक्षात यायला हवी होती. कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, याचा अर्थ कारखान्यानं तो कोन पक्का करून दिलेला आहे. जो कोन कुणी फिरवू शकत नाही तो आपोआप फिरला असेल, तर काहीतरी वाकलं आहे किंवा तुटलं आहे. त्या कागदावरचा सगळ्यात कामाचा आकडा तोच होता, आणि तोच बाजूला ठेवला गेला.

स्टेअरिंगवरचं चिन्ह सरळ झालं होतं, ते तेवढं बरं वाटलं. ओढ कमी झाली, पण गेली नाही. मी सवय करून घेतली. दोन महिने, १८०० किलोमीटर.

मग मलकापूरला एका पंपावर हवा भरताना चाक पूर्ण वळवलेलं होतं आणि डाव्या टायरची आतली कड समोर आली. एरवी ती दिसतच नाही, आपण उभ्यानं बघतो ती बाहेरची बाजू. बाहेरून टायर अजून वर्षभर चालेल असा होता. आतली दोन बोटं रुंदीची पट्टी मात्र झिजून गुळगुळीत झालेली, झीज दाखवणाऱ्या १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणांच्या बरोबरीला आलेली. मी तळवा टायरवरून आडवा फिरवला. आतून बाहेर नेताना सगळं मऊ लागत होतं. बाहेरून आत आणताना प्रत्येक खाचेच्या कडेला बोटं अडत होती, करवतीवरून उलटा हात फिरवल्यासारखी. उजव्या टायरवर असं काही नव्हतं.

घरी येऊन वही घेतली. चाकाचं तोंड सरळ रेषेपासून पाव अंश, म्हणजे १५ कला फिरलेलं आहे असं समजा. डोळ्यांना हे मुळीच दिसत नाही. पण पाव अंशाचा टॅन ०.००४३६ येतो. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे गेली की ते चाक सव्वाचार मीटरांहून जास्त आडवं जायला बघतं आणि गाडी त्याला जाऊ देत नाही. रबर लवचीक असतं, त्यामुळे सगळं अंतर घासण्यात जात नाही. तरीही १८०० किलोमीटरांना हा हिशेब जवळजवळ आठ किलोमीटरांवर येतो. त्या संध्याकाळी टायरची कड का गेली ते मला समजलं, आणि कागदावर टो हिरवा असताना का गेली हे मात्र समजेना.

भावानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले. शिवाजी उद्यमनगरात लेथ, प्रेस, वेल्डिंग, स्प्रिंगवाले, सगळे एकमेकांना खेटून आहेत. एखादा बुश, म्हणजे जोडात बसवलेली रबर-लोखंडाची नळी, दाबून काढायचा असेल तर दोन दुकानं पलीकडे जायचं. मामांच्याकडे चारही चाकं मोजणारं मशीन होतं, पण गाडी त्यावर घ्यायची त्यांनी आधी घाई केली नाही.

‘बाई, आधी चालवून बघू. मग मोजू.’ मी शिकवते हे कळल्यापासून ते मला बाईच म्हणायचे.

रिंगरोडवर त्यांनी स्वतः गाडी चालवली. मी शेजारी बसून बघत होते. सरळ रस्त्यावर त्यांनी ऍक्सिलरेटर दाबला, मग एकदम सोडला, पुन्हा दाबला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दाबल्यावर गाडीचं नाक एका बाजूला जातं आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला येतं. इतके दिवस मी ते रस्त्याच्या खडबडीवर ढकलत होते. ‘हे अलाइनमेंटचं न्हाई,’ मामा म्हणाले. ‘ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. पाय दिला की चाक पुढं पळतं, सोडला की मागं येतं. चाकाला धरून ठेवणारं काहीतरी ढिलं हाय.’ एवढं बोलून त्यांनी ब्रेक दाबून बघितला, थांबून चारही चाकांच्या रिमना हात लावून एखादा ब्रेक चिकटून तापतोय का ते पाहिलं आणि परत गॅरेजकडे वळवली.

परत आल्यावर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून पुन्हा एक फेरी मारली. टायरच सदोष असेल तर ओढ बाजू बदलते. ओढ उजवीकडेच राहिली. मग रिमकडे वळले. चाक उचलून फिरवलं आणि कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर धरलं. दबलेल्या जागी टोक आणि रिम यांतली फट बदलत होती, पण टायर बसतो ती आतली बैठक एकसारखी फिरत होती. ‘रिम चालंल.’

आता गाडी रॅम्पवर गेली. दोन्ही हात चाकाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला येणारे जोड, टाय रॉड एंड आणि रॅक एंड, कळतात. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, त्यात बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतात. मोठं काही हललं नाही. माझा धीर सुटत चालला होता. तेवढ्यात मामांनी टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या मागच्या बुशपाशी टेकवली आणि मला खाली बोलावलं. ‘हितं बघा.’ टॉर्चच्या उजेडात बुशचं काळं रबर अखंड दिसत होतं. त्यांनी टॉमीवर जोर दिला आणि रबर मधोमध तोंड उघडल्यासारखं फाकलं, आतली लोखंडी नळी बाजूला गेली. जोर काढला की फट पुन्हा मिटली, काही झालंच नाही असं दिसायला लागलं.

माझा हिरवा टो तिथं मिटला होता. गाडी उभी असताना, कुणी ओढत नसताना, बुशची फट बंद आणि चाक जागेवर. मशीननं जे मोजलं ते त्या क्षणी खरंच होतं. रस्त्यावर निघाल्यावर इंजिन चाकाला पुढे खेचणार, ब्रेक मागे रेटणार, आणि प्रत्येक वेळी आर्म फटीएवढा हलून चाकाचं तोंड फिरवणार.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत हे जास्त का जाणवतं, ते मामांनी जुन्या गाड्यांवरून सांगितलं. अँबॅसिडर आणि पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. त्यांची पुढची चाकं चालताना मागे रेटली जातात आणि तोंडं बाहेर उघडू बघतात, म्हणून उभ्या गाडीत ती आधीच किंचित आत वळवून ठेवायची. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हा हिशेब उलटा झाला. ओढणारी चाकं पुढे धावतात, रबरी बुश थोडे दबतात, तोंडं आत वळू बघतात. म्हणून इथं टो शून्याच्या आसपास, काही गाड्यांत अगदी किंचित बाहेर ठेवायचा. हे गणित बुश थोडा दबेल असं धरून केलेलं आहे. बुश फाटला की मग कशालाच हिशेब राहत नाही.

मला वाटलं, सापडलं. मामांना तसं वाटलं नाही. ‘बुशनं टायर खाल्ला. पण उजवीकडं कशी ओढती, ते अजून सापडलं न्हाई.’

मग चारही चाकांना क्लॅम्प लागले. त्याआधी डिकी रिकामी करायला लावली. आईच्या शेजाऱ्यांसाठी घेतलेल्या दहा-दहा किलोच्या दोन गुळाच्या ढेपा त्यात होत्या, त्या टेबलावर ठेवल्या. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे सारखी केली. पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर चढवली, गाडी पुढे-मागे ढकलून रिमचा वाकडेपणा मशीनला वजा करू दिला, आणि ब्रेकचं पेडल दांड्यानं दाबून ठेवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश वळवलं. या वळवण्यातूनच कॅस्टर आणि एसएआय हे दोन कोन निघतात. पहिल्या दुकानात हे केलंच नव्हतं.

हे कोन मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले, म्हणून सांगते. चाक समोरून बघितलं तर ते उभ्या रेषेपासून किती झुकलं आहे तो कॅम्बर, वरचं टोक आत असेल तर ऋण. वरून बघितलं तर तोंड किती आत किंवा बाहेर आहे तो टो. बाजूनं बघितलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं ती किती मागे कललेली आहे तो कॅस्टर, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा. तो असतो म्हणून वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. आणि हीच वळण्याची रेषा समोरून बघितली की आतल्या बाजूला जेवढी कललेली दिसते तो एसएआय, म्हणजे स्टेअरिंग ॲक्सिस इन्क्लिनेशन. ही रेषा डोळ्यांना दिसत नाही. वरच्या शॉकअपच्या माउंटिंगपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत ती मनात काढायची.

स्क्रीनवर आकडे अंश आणि मिनिटांत होते. मामा मिनिटं म्हणत होते, माझ्या तोंडात मात्र कला येत होतं. आमच्याकडे वडील पंचांग वाचायचे, त्यात ग्रह अंश-कलांत असतात आणि साठ कलांचा एक अंश हे मी शाळेत जायच्या आधी शिकले.

उजवीकडे कॅम्बर उणे २० कला, एसएआय १२ अंश ५० कला. डावीकडे कॅम्बर उणे १ अंश ४५ कला, एसएआय १२ अंश ५५ कला.

मामांनी खिशातलं पेन काढून पुठ्ठ्यावर दोन बेरजा मांडल्या. उजवीकडे १२ अंश ३० कला. डावीकडे ११ अंश १० कला. ‘ही बेरीज म्हणजे इन्क्लुडेड अँगल. वरचं माउंटिंग न्हाईतर खालचा आर्म सरकला असता तर एसएआय पण बदलला असता. तो दोन्हीकडं सारखा हाय. म्हंजे जागा हलल्या न्हाईत. त्यांच्या मधलं काहीतरी वाकलंय. शॉकअप, न्हाईतर नकल.’ नकल म्हणजे शॉकअपच्या खाली चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग.

वर्गात शिकवताना एखादा विद्यार्थी दोन ओळी गाळून थेट उत्तरावर पोचतो, तेव्हा जो आनंद होतो तसा मला झाला. गाडी न उघडता, एका बेरजेवरून, कुठलं हाड मोडलं आहे ते त्यांनी सांगितलं होतं. आणि उजवीकडच्या ओढीचंही उत्तर त्यातच होतं. वर आत झुकलेलं चाक आतल्या दिशेला ढकलतं. दोन्हीकडचा झुकाव सारखा असेल तर ढकलणं फिटतं. डावं चाक जास्त झुकलं तर ते जिंकतं आणि गाडी उजवीकडे जाते, रस्त्याचा उतार डावीकडे असला तरी.

या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत असतो तोच. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावानं ओळखला जाणारा, १९५० च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्डच्या गाड्यांत आलेला. यात वरचा आर्म नसतो. शॉकअप धक्काही खातो आणि चाकाला उभंही धरतो. म्हणून तो वाकला की कोनच वाकतो. खड्ड्यात चाक आपटलं की जोर खालून वर येतो, तोही शॉकअपच्या बाहेरच्या अंगाला, आणि चाकाचं वरचं टोक आत लोटलं जातं. माझ्या आकड्यांशी हे तंतोतंत जुळत होतं.

काम दुसऱ्या दिवशी होतं. तासिका संपवून अडीचला गेले आणि संध्याकाळपर्यंत स्टुलावर बसून राहिले. सामान असं ठरलं: पुढचे दोन्ही शॉकअप, कारण ९२ हजारांनंतर एकच नवा टाकला तर दोन बाजू वेगळ्या वागतात, त्यांच्या वरची माउंटिंग आणि बेअरिंग, डावा लोअर आर्म पूर्ण, कारण त्याचा बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला असतो आणि तोही फारसा घट्ट राहिला नव्हता, दोन्ही लिंक रॉड. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजलं तर दोन्ही बाजूंत तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तेवढा चालतो.

शॉकअपचे नकलकडचे दोन जाड बोल्ट काढायच्या आधी मामांच्या हाताखालच्या पोरानं ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवली. बोल्ट निघाले तसं मामांनी नकल डाव्या हातानं धरून ठेवलं आणि उजव्या हातानं तारेनं वर बांधलं. मी विचारलं, कशाला? ‘सोडलं तर बाहेर लोंबतंय. मग ड्राइव्ह शाफ्ट आतल्या जॉइंटातनं ओढला जातो. वरचा रबरी बूट फाटतो, कवा जॉइंटच सुटतो.’ ओढणाऱ्या चाकाच्या मधून शाफ्ट जातो, हे मला माहीत होतं. पण त्याची काळजी अशी एका तारेच्या तुकड्यानं घेतात, हे बघण्यासारखं होतं.

स्प्रिंग दाबण्याचं काम त्यांनी पोराला दिलं नाही. स्प्रिंग दाबायच्या अवजाराचे दोन हुक समोरासमोर लावून, एकदा इकडे एकदा तिकडे, थोडं थोडं आवळत गेले. त्या वेळी गॅरेजात कुणी बोलत नव्हतं. मलाही त्यांनी टेबलाच्या पलीकडे जायला सांगितलं. ती स्प्रिंग निसटली तर काय होतं, ते विचारण्याची गरज वाटली नाही.

जुने दोन्ही शॉकअप सुटे झाल्यावर मामांनी ते सपाट लोखंडी पाट्यावर शेजारी ठेवले. दांडा फिरवून बघितला, सरळ होता. नळीला नकलशी जोडणारा खालचा कंस मात्र डाव्याचा वेगळा दिसत होता. मला खात्री करून घ्यायची होती. उजव्यावर सरळ पट्टी धरली, मग डाव्यावर. पट्टीच्या ३० सेंटिमीटर लांबीला दोघांत सात मिलिमीटरचा फरक. सात भागिले तीनशे, त्याचा कोन १ अंश २० कला. काल पुठ्ठ्यावरच्या दोन बेरजांतला फरकही १ अंश २० कला होता. मी ते मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसले, पाट्यावरचा शॉकअप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘मग नकल शाबूत हाय. बरं झालं, खर्च वाचला.’

नवा आर्म बसवताना एक गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली, कारण ती न करता गाडी बाहेर पडली तर कुणालाच कळत नाही. गाडी वर उचललेली असताना चाकं खाली लोंबतात, आर्म खाली झुकतो. त्या स्थितीत बुशचा बोल्ट करकचून आवळला तर रबर तिथं पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. असा बुश लवकर फाटतो. मामांनी बोल्ट नुसते टेकवून ठेवले, गाडी चाकांवर उभी केली, पुढून दाबून तीन-चारदा हलवली, थोडी मागे-पुढे ढकलली आणि मग गॅरेजातल्या, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरून, गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क पान्यानं आवळले.

टायरचा प्रश्न मधल्या वेळेत सुटला होता. डावा गेलाच होता, म्हणून दोन नवे घेतले, १६५/८० आर १४. इथं माझं आणि मामांचं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, गाडी पुढून ओढते, नवे पुढे घाला. मी मागे घातले आणि मागचे पुढे आणले. घाटात पावसात पुढचं चाक घसरलं तर पाय काढून गाडी सावरता येते, मागचं घसरलं तर गाडी फिरते आणि मला ती सावरता येणार नाही. मामांनी पुन्हा वाद घातला नाही.

आता मोजणी. आधी मागची चाकं. मागे या गाडीत एक आडवा बीम असतो, त्याला कारखान्यानं फिरवण्याची सोय ठेवलेली नाही. पण मोजायची कारण, मागची चाकं एका अंगाला बघत असतील तर गाडी तिरकी चालते आणि पुढचं स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. माझी ठीक निघाली. पुढे डावा कॅम्बर आता उणे ३५ कला, उजवा उणे २०. चालण्यासारखंच होतं, पण मामांनी डावीकडचे नकलचे दोन बोल्ट सैल केले, चाकाचं वरचं टोक बाहेर ओढून धरलं आणि तसंच आवळलं. बोल्टच्या भोकात जो केसभर मोकळेपणा असतो तेवढ्यात दहा कला मिळाल्या. डावा उणे २५.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना थोडं फिरवून मधे आणलं आणि सीटला टेकणाऱ्या दांड्यानं पक्कं केलं. टाय रॉड जागेवर धरून ठेवणारे चेकनट गंजले होते, त्यांवर तेल मारून चहा होईपर्यंत थांबलो. रॅकच्या बुटाची क्लिपही सोडावी लागते, नाहीतर रॉड फिरताना बूट पिळवटतो. मग मामांनी रॉड पान्यानं धरून अगदी थोडा फिरवला आणि स्क्रीनवरचा आकडा धावला. दोन्ही बाजूंना पाळीपाळीनं करत प्रत्येकी २ कला आत, एवढ्यावर आणून चेकनट आवळले. आवळताना आकडा पुन्हा सरकतो, म्हणून शेवटचा आकडा आवळल्यानंतर वाचायचा.

मशीन येण्याआधी कसं करायचात, हे मी विचारलं. चाक उचलून फिरवायचं, टायरच्या मधोमध खडू लावून खिळ्यानं रेघ ओढायची, आणि दोन उभे पाय असलेल्या सरकत्या पट्टीनं दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजायचं. फरक म्हणजे टो. माझ्या टायरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या जवळ येतो, म्हणजे एक मिलिमीटरचा फरक साडेपाच कला. मामांची पट्टी एक मिलिमीटर नक्की दाखवायची. मशीन एक कला दाखवतं. पण फाटलेला बुश दोघांनाही दिसत नाही. तो टॉमीलाच दिसतो.

टायर सोडून खर्च अकरा हजारांच्या आसपास आला. पहिल्याच दिवशी लाल आकड्याला थांबले असते तर टायरचे पैसे तरी वाचले असते, हे मला अजून खटकतं. त्या दुकानातल्या मुलावर माझा राग नाही. त्याला टो हिरवा करायला शिकवलं होतं, तो त्यानं केला. त्याला लाल आकडा वाचायलाही कुणीतरी शिकवायला हवं. आणि आपणही कागद घडी घालून ठेवण्याआधी विचारायला हवं, की डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये एवढा फरक का आहे, खालचे बुश हलवून बघितले का. दोन्ही कागद मी गाडीच्या कप्प्यात ठेवले आहेत. वर्गात त्रिकोणमितीला सुरुवात करताना यंदा तेच घेऊन गेले, आणि वाकलेला शॉकअपही मामांकडून मागून आणला. मुलांनी पट्टी लावून कोन काढला. एकाचा १ अंश १५ कला आला, दुसरीचा १ अंश २४.

त्यानंतर तीन हजार किलोमीटर झाले. खोली मोजायची छोटी पट्टी विकत घेतली आहे. डाव्या पुढच्या टायरवर आत ५.१, मधे ५.३, बाहेर ५.२ मिलिमीटर. हात दोन्ही दिशांनी फिरवला तरी बोटं अडत नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी लवकर कागलच्या बाजूला गेले होते. हायवे मोकळा होता, मागे-पुढे कुणी नव्हतं. ताशी ६० वर बोटं स्टेअरिंगला नुसती टेकवून ठेवली. बराच वेळ गाडी सरळ चालली, मग अगदी सावकाश डावीकडे, उताराकडे सरकू लागली.